रुपयांतून क्रिप्टो : भारतीय एक्स्चेंज वर्षभर वापरल्यानंतर

रुपयांतून क्रिप्टो घेता-विकता येतं अशी दोन-तीन भारतीय ॲप्स वर्षभर वापरल्यावर मत पक्कं झालंय ते एवढंच : चार्ट किती देखणा, कॉइन किती, रेफरलला काय मिळतं, याला गुण देऊ नयेत. गुण द्यावेत ते बाहेर पडण्याच्या दोन वाटांना. विकलेल्याचे रुपये बँकेत कधी येतात, आणि घेतलेलं कॉइन स्वतःच्या वॉलेटवर नेता येतं की नाही. पैसे आत घेताना कुठलंच ॲप कुरकुरत नाही.

त्यामुळे नव्या एक्स्चेंजवर मोठी रक्कम टाकायच्या आधी एक अख्खी फेरी मारून बघायची. दोनेक हजार टाका, एक्सआरपी किंवा यूएसडीटी (डॉलरच्या भावाशी बांधलेलं कॉइन) घ्या, स्वतःच्या वॉलेटवर पाठवा, तिथून परत आणा, विका, रुपये बँकेत घ्या. या फेरीत काही रुपये जातील, ते जाऊ द्या. एका ॲपवर कॉइन विथड्रॉलचं बटण दिसतं, पण दाबलं की 'तुमच्या खात्यासाठी ही सुविधा उपलब्ध नाही' असा संदेश येतो. दुसऱ्या एकावर वॉलेट कुणाचं, पैसे कुठून आले, पाठवायचं कारण काय, असा फॉर्म भरून वाट बघावी लागते. फॉर्म भरायला हरकत नाही, तो मनी लाँडरिंगविरोधी नियमांमुळे येतो. पण बटण आहे आणि वाट नाही, हे पैसे अडकल्यावर कळण्यापेक्षा दोन हजारांत कळलेलं बरं.

फेरी मारताना नेटवर्ककडे, म्हणजे कॉइन ज्या ब्लॉकचेनवरून जातं तिच्याकडे, नीट बघा. इथेच सगळ्यात जास्त लोकांचे पैसे जातात, आणि त्यात एक्स्चेंजचा दोष नसतो. यूएसडीटीसारखं एकच कॉइन अनेक नेटवर्कवरून जाऊ शकतं. ट्रॉन नेटवर्कचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, त्यामुळे तो वेगळा ओळखू येतो. पण इथेरियम, बीएनबी चेन आणि पॉलिगॉन यांचा पत्ता दिसायला एकच, '0x'ने सुरू होणारा. स्वतःच्या वॉलेटवर चुकीच्या नेटवर्कने आलं तर फारसं बिघडत नाही. वॉलेटची गुप्त किल्ली (प्रायव्हेट की) तुमच्याकडे आहे, वॉलेटमध्ये नेटवर्क बदललं की कॉइन दिसतं. तेच कॉइन एक्स्चेंजच्या पत्त्यावर, त्यांनी न घेतलेल्या नेटवर्कने पाठवलं, तर किल्ली त्यांच्याकडे आणि तुम्ही सपोर्टच्या दारात. एक्सआरपी एक्स्चेंजवर पाठवताना डेस्टिनेशन टॅग (तुमचं खातं ओळखायचा क्रमांक) विसरलात तर रक्कम पोचते, पण कुणाच्या खात्यात घालायची ते त्यांना कळत नाही. शिवाय एक्सआरपीच्या नव्या पत्त्यावर १ एक्सआरपी राखीव म्हणून अडकून राहतो, ती चोरी नव्हे.

पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कधीही कॉपी करू नका. पहिली आणि शेवटची अक्षरं तुमच्यासारखीच असलेल्या पत्त्यावरून शून्य किंवा किरकोळ रक्कम पाठवून यादीत घुसायचं, हा भामट्यांचा ठरलेला डाव आहे. मधली अक्षरंही ताडून बघा. ॲपमध्ये ॲड्रेस व्हाइटलिस्ट करायची (ठरवून दिलेल्या पत्त्यांवरच कॉइन जाऊ देण्याची) सोय असेल तर ती चालू ठेवा. पासवर्ड बदलल्यावर काही काळ विथड्रॉल बंद ठेवणारं एक्स्चेंज चिडचिड करायला लावतं, पण ते चांगलं लक्षण आहे.

आता भरवशाचं. शेअर आणि क्रिप्टो एकाच फोनवर, सारख्याच दिसणाऱ्या ॲपमधून घेता येतात, म्हणून दोन्हीकडे संरक्षणही सारखंच असेल असं बरेच जण धरून चालतात. शेअरच्या बाबतीत ब्रोकर वेगळा, बाजार वेगळा, सौदे पुरे करणारी संस्था वेगळी, आणि शेअर तुमच्या नावाने एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीमध्ये. २०१९ मध्ये कार्वी या ब्रोकरने ग्राहकांचे शेअर गहाण टाकल्याचं उघड झालं, तेव्हा सेबीच्या देखरेखीखाली ८० हजारांहून जास्त ग्राहकांच्या खात्यांत ते परत वळते करता आले. का, तर कुणाचं काय आहे याची नोंद कार्वीच्या बाहेर होती. क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये दलाल, बाजार आणि तिजोरी एकच कंपनी. ॲपमध्ये दिसणारं '०.०५ बिटकॉइन' ही त्यांच्या डेटाबेसमधली ओळ. प्रत्यक्ष नाणी त्यांच्या सामायिक वॉलेटमध्ये. बँक ठेवीवर पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसं काही नाही.

'एफआययू नोंदणीकृत' (एफआययू म्हणजे सरकारचं फायनान्शियल इंटेलिजन्स युनिट) हा शिक्का आता सगळेच मिरवतात. ७ मार्च २०२३ ला क्रिप्टो व्यवसाय मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले, तेव्हापासून ही नोंदणी सक्तीची झाली. संशयास्पद व्यवहार सरकारला कळवणं, केवायसी ठेवणं, हे तिचं काम. तुमची नाणी जागेवर आहेत का, हे एफआययू तपासत नाही. तरीही नोंदणी नसलेल्या परदेशी एक्स्चेंजवर पैसे ठेवणं मूर्खपणाचं, कारण ते एका नोटिशीत बंद पडू शकतं. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस बायनान्स, कुकॉइन, क्राकेनसह नऊ कंपन्यांना नोटिसा गेल्या आणि जानेवारीत ॲप्स स्टोअरमधून गायब झाली. बायनान्स पुढे नोंदणी करून, १८.८२ कोटींचा दंड बसल्यावर परतलं. मधल्या काळात कुणाची काय धांदल उडाली ते आठवत असेल.

वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजचं प्रकरण बारकाईने वाचल्याशिवाय कुठल्याही एक्स्चेंजवर रक्कम ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. १८ जुलै २०२४ ला त्यांच्या एका मल्टिसिग (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या) वॉलेटमधून सुमारे २३.५ कोटी डॉलरची नाणी गेली. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेच्या जवळपास निम्मी. वॉलेटला सहा सह्या करणारे होते : पाच वझीरएक्सचे, एक कस्टडी कंपनी लिमिनलचा. व्यवहाराला वझीरएक्सच्या तिघांची आणि नंतर लिमिनलची संमती लागायची. हार्डवेअर वॉलेट (किल्ली आत जपणारी छोटी उपकरणं) होती, पत्ते व्हाइटलिस्ट होते. तरी चोरी झाली, कारण पडद्यावर दिसत होता एक साधा व्यवहार आणि सही पडली ती वॉलेटचं नियंत्रण दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टकडे (ब्लॉकचेनवरच्या प्रोग्रॅमकडे) देणाऱ्या व्यवहारावर. हार्डवेअर वॉलेटच्या इवल्याशा पडद्यावर कॉन्ट्रॅक्टचा मजकूर वाचता येत नाही, माणूस लॅपटॉपच्या पडद्यावर विश्वासून बटण दाबतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे दीडशे कोटी डॉलरचं इथर गेलं ते याच जातीच्या फसवणुकीने. दोन्हींमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं अमेरिकेने जाहीर केलं. तेव्हा 'आमची नाणी कोल्ड वॉलेटमध्ये (इंटरनेटपासून तोडलेल्या) आहेत' हे वाक्य ऐकून निर्धास्त होऊ नये. सही करणाऱ्याला नेमकं काय दिसतं, हा प्रश्न त्याच्याही पुढचा.

चोरीपेक्षा पुढचं जास्त शिकवणारं आहे. नाणी इथेरियमवरच्या एका वॉलेटमधून गेली, पण कंपनीने तोटा सगळ्या ग्राहकांवर वाटायचा ठरवला, ज्यांच्याकडे त्यातलं एकही कॉइन नव्हतं त्यांच्यावरही. रुपयांतली शिल्लकसुद्धा पूर्ण सुटली नाही. आधी ६६ टक्केच काढता आली. आणि दाद मागायची कुठे? ग्राहक मुंबई-पुण्याचा, ॲप भारतीय, पण क्रिप्टोची बाजू सांभाळणारी झेटाई ही कंपनी सिंगापूरची. त्यामुळे पुनर्रचनेची योजना तिथल्या उच्च न्यायालयात गेली, एकदा फेटाळली गेली, पुन्हा मतदान झालं, आणि ॲप सुरू व्हायला २४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. सव्वा वर्ष. तेवढ्यात बिटकॉइन कुठून कुठे गेला, आणि हिशेब जुलै २०२४ च्या भावांवर आधारलेला. ऑक्टोबर २०२५ मध्येच मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्राहकाच्या एक्सआरपीबद्दल अंतरिम आदेश देताना क्रिप्टो ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून धरून ठेवता येते असं म्हटलं, हा दिलासा. पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली.

म्हणून टर्म्समध्ये तीन जागा शोधून वाचा : करार कुठल्या कंपनीशी, वाद कुठल्या देशात, आणि चोरी झाल्यास तोटा कुणाचा. अर्धा तास लागतो. जुलै २०२५ मध्ये कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या भारतीय एक्स्चेंजच्या एका अंतर्गत खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले, तेव्हा ग्राहकांची नाणी वेगळी होती आणि तोटा कंपनीने स्वतःच्या गंगाजळीतून भरला. या दोन घटनांतला फरक ॲप वापरताना दिसत नाही, खाती आणि वॉलेट कशी वेगळी ठेवली आहेत त्यात तो असतो.

प्रूफ ऑफ रिझर्व्हचा (नाणी खरंच जवळ आहेत हे दाखवणारा) अहवाल असला तर उत्तम, पण त्यात देणी दाखवली आहेत का ते आधी बघा. वॉलेटमध्ये शंभर बिटकॉइन आहेत, हे ग्राहकांचं देणं ऐंशी आहे की एकशे वीस हे कळल्याशिवाय निरर्थक. मर्कल ट्री (सगळ्या शिल्लकांचा गणिती गोषवारा) दिलं असेल तर आपली शिल्लक त्यात आहे का ते तपासता येतं. तरी तो एका दिवसाचा फोटो, त्या दिवसापुरती उसनी नाणी आणली तर फोटो छानच येणार.

खर्चाचं गणित जाहिरातीत अर्धवट असतं. समजा फी ०.५ टक्के. तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ०.५९. दहा हजारांचं कॉइन घेऊन त्याच भावाला विकलं तर दोन्ही वेळची फी धरून सुमारे ११८ रुपये गेले, आणि विक्रीवर एक टक्का टीडीएस, जवळपास शंभर. भाव सव्वादोन टक्के वर गेल्याशिवाय हातातली रक्कम पूर्ववत होत नाही. 'झीरो फी' किंवा 'इन्स्टंट बाय' लिहिलेलं असेल तिथे फी भावात मुरवलेली असते. त्याच ॲपमध्ये घ्यायचा आणि विकायचा भाव एका मिनिटात टिपून बघा, दोन-तीन टक्क्यांची तफावत सहज सापडते. ऑर्डर बुक (घेणाऱ्या-विकणाऱ्यांच्या भावांची यादी) असेल तर लिमिट ऑर्डरच, म्हणजे आपला भाव ठरवूनच, लावा. लहान कॉइनची रुपयांतली बुकं इतकी पातळ असतात की पन्नास हजारांची मार्केट ऑर्डर भाव दोन पायऱ्या खाली आणते. यूएसडीटीचा रुपयातला भाव बँकेच्या डॉलर दरापेक्षा बहुधा चढाच असतो, तोही खर्चात धरा.

टीडीएस परत मिळतो, रिटर्न भरल्यावर. तोवर भांडवल अडकतं. रोज घे-विक करणाऱ्याला हे नडतं : तीच रक्कम पन्नास वेळा विकली तर नफा-तोटा शून्य धरूनही खेळतं भांडवल साठ टक्क्यांवर येतं. एका कॉइनमधून दुसऱ्यात उडी मारली तरी ती विक्रीच, टीडीएस लागतोच. नफ्यावर ३० टक्के, सेस धरून ३१.२. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. बिटकॉइनमध्ये एक लाख कमावले, दुसऱ्या कशात ऐंशी हजार घालवले, तर खिशात वीस हजार आणि कर ३१,२००. हा नियम २०२२ पासूनचा आहे, तरी अजून दर जुलैला लोकांना तो नव्याने कळतो.

टीडीएस टाळायला पीटूपीकडे (थेट दुसऱ्या माणसाशी सौदा) वळणाऱ्यांनी बँक खात्याचा विचार आधी करावा. तुमचं यूएसडीटी घेणाऱ्याने पाठवलेले रुपये कुणाच्या सायबर फसवणुकीतले निघाले, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवरच्या तक्रारीमागून साखळीतलं प्रत्येक खातं गोठतं, तुमचंही. आदेश बहुधा दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याचा असतो. अशा वेळी शाखेतून तक्रारीचा पोचक्रमांक, पोलीस ठाणं आणि वादातली रक्कम लेखी घ्या, आणि संपूर्ण खात्याऐवजी तेवढ्याच रकमेवर लीन (रोख) ठेवण्याची मागणी करा. पुरावा म्हणून ऑर्डर क्रमांक, चॅट आणि देणाऱ्याचं केवायसी नाव लागेल. पैसे पाठवणाऱ्या खात्याचं नाव पीटूपी प्रोफाइलशी जुळत नसेल तर कॉइन सोडूच नका, समोरचा 'भावाच्या खात्यातून पाठवलेत' म्हणाला तरी. पगार आणि हप्त्याचं खातं या कामाला वापरूच नये.

बँकांचा रागरंग एका घटनेवरून समजतो. एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस या अमेरिकन एक्स्चेंजने बेंगळुरूत वाजतगाजत यूपीआयने खरेदी सुरू केली, त्याच दिवशी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने 'असं कुणी यूपीआय वापरत असल्याचं आम्हाला माहीत नाही' म्हटलं, आणि काही दिवसांतच सोय बंद. बँकांना क्रिप्टोपासून दूर राहायला सांगणारं रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला रद्द केलेलं होतं, तरीही. त्यामुळे आज चालणारी डिपॉझिटची पद्धत उद्या नसेल, हे धरूनच चाला.

फ्युचर्सबद्दल (पुढच्या भावावरचे सौदे) थोडक्यात : टीडीएस कापत नाहीत म्हणून ॲप्स तिकडे ढकलतात. दहापट लिव्हरेजवर, म्हणजे स्वतःच्या पैशाच्या दहापट सौद्यावर, भाव दहा टक्के उलटा जायच्या आधीच सौदा आपोआप कापला जातो, आणि क्रिप्टोत दहा टक्के म्हणजे एखादी रात्र.

मी एक्स्चेंजवर ठेवतो ते चालू सौद्यांपुरतं. बाकी हार्डवेअर वॉलेटवर, कंपनीकडून थेट घेतलेल्या, सील असलेल्या. वॉलेट परत मिळवून देणारे चोवीस शब्द कागदावर, फोटो काढून गुगलवर नाही. घरातल्या एकाला तो कागद कुठे आहे ते माहीत असावं, नाहीतर वारसाच्या दृष्टीने ती नाणी नसल्यातच जमा. लॉगिनला एसएमएस ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर ॲप. आणि 'कस्टमर केअर' म्हणून गुगलवर दिसणारा कुठलाही मोबाइल क्रमांक लावू नका. तिकीट ॲपमधूनच टाकायचं, उत्तराला कितीही दिवस लागोत.

दर तिमाहीला ट्रेड हिस्टरी, डिपॉझिट-विथड्रॉल आणि टीडीएस असे तिन्ही अहवाल डाउनलोड करून ठेवा. प्रत्येक ओळीत तारीख-वेळ, कॉइनची संख्या, रुपयांतला भाव आणि फी आहे ना ते बघा. काही ॲप्स कॉइन-कॉइन सौद्याचा रुपयांतला भाव देतच नाहीत, तो त्याच दिवशी स्वतः लिहून ठेवावा लागतो. झेबपेने २०१८ मध्ये भारतातलं एक्स्चेंज बंद केलं, कॉइनेक्स (Koinex) २०१९ मध्ये गुंडाळलं. अशा वेळी लॉगिन बंद झालं की खरेदीची किंमत सिद्ध करायला काही उरत नाही, आणि रिटर्नमधल्या व्हीडीए (क्रिप्टोच्या) शेड्यूलमध्ये खरेदीची किंमत दाखवता आली नाही तर विक्रीची सगळीच रक्कम नफा धरली जाऊ शकते.