परदेशी गटाबरोबर संशोधन: आधी करार की आधी ओळख?

दुसऱ्या देशातल्या गटाबरोबर काम सुरू करताना दोन वाटा असतात. एक, सगळं आधी कागदावर आणायचं. दुसरी, एखादं छोटं काम एकत्र करून एकमेकांना जोखायचं आणि करार मागाहून.

नमुने किंवा माहिती एकाच दिशेने जाणार असेल, तर मी करार आधी म्हणेन. २००७ साली इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणं थांबवलं. आपल्या नमुन्यांवरून बनलेली लस आपल्यालाच परवडणार नाही, ही त्यांची तक्रार. देवाणघेवाणीची चौकट ठरायला २०११ उजाडलं.

पण कागदावरही फार विसंबू नका. अमेरिकेतल्या हवासुपाई आदिवासींनी रक्त दिलं ते मधुमेहाच्या अभ्यासासाठी, निदान त्यांची समजूत तीच होती. संमतीपत्रातली भाषा मात्र ऐसपैस होती, आणि त्याच रक्तावर इतर अभ्यासही झाले. प्रकरण कोर्टात गेलं. २०१० मध्ये रक्त घेणाऱ्या विद्यापीठाने ७ लाख डॉलर देऊन तडजोड केली. सही होती, विश्वास उरला नाही. (मसुदा बहुधा पैसेवाल्या बाजूचा वकील लिहितो, हेही ध्यानात असू द्या.)

नमुन्यांचा प्रश्नच नसेल, नुसतं विश्लेषण आणि लेखन असेल, तर ओळख आधी चालते. एकच माहितीसंच मिळून तपासा. उत्तरं वेळेवर येतात का, चूक दाखवल्यावर समोरचा काय करतो, हे कुठल्याही करारातून कळत नाही. वेळ जातो, हा तोटा. लेखकांच्या नावांचा क्रम तेवढा या वाटेवरही पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या. गणितात नावं बहुधा वर्णानुक्रमे येतात, जीवशास्त्रात शेवटचं नाव सहसा प्रयोगशाळाप्रमुखाचं असतं. दोघांनाही आपलीच रीत जगाची वाटते.

आणि व्हिडिओ बैठक की ईमेल? निर्णयांसाठी ईमेल. परक्या भाषेत बोलणारा, त्यातून वरिष्ठ समोर बसलेले, असा कनिष्ठ सहकारी बैठकीत गप्प राहतो आणि ती संमती धरली जाते. प्रश्न आदल्या दिवशी पाठवा, उत्तरं लेखी मागवा. टीका मात्र तोंडी करा, आणि ती चारचौघांत नको.

दोन्ही वाटांना उपयोगी पडेल असं २०१३ चं मॉन्ट्रियल निवेदन आहे. त्यात सहयोगी संशोधनाच्या २० जबाबदाऱ्या दिल्या आहेत. पहिल्या बैठकीत दोन्ही गटांनी ती यादी एकत्र वाचावी आणि जिथे एकमत होत नाही तिथे खूण करावी. मसुद्याची सुरुवात त्या खुणांपासून करा.