जुन्या सर्व्हरचा डेस्कटॉप करायचाय? विंडोज, मिंट, डेबियन आणि बाकीचे

रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटमधलं एखादं ऑफिस हललं की जुने टॉवर सर्व्हर स्वस्तात निघतात. ताईनं गेल्या वर्षी असाच एक घेतला. दोन झिऑन (इंटेलचे सर्व्हरसाठीचे) ई५-२६२० व्ही२ प्रोसेसर, ६४ जीबी ईसीसी (चुका स्वतः सुधारणारी) रॅम, रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारं) कार्ड आणि चार सॅस (सर्व्हरमध्ये वापरतात त्या) डिस्क. टेम्पोनं नौपाड्यात आणला आणि दोघांनी धरून दुकानाची पायरी चढवला. ताईचं काम डीटीपीचं: लग्नपत्रिका, अहवाल, सोसायट्यांच्या नोटिसा. "यात विंडोज टाकून दे, म्हणजे झालं," ती म्हणाली. त्यावर माझे दोन रविवार गेले. असा डबा घ्यायच्या विचारात असाल, किंवा घेऊन बसला असाल, तर त्या दोन रविवारांतून जे कळलं ते तुमच्या कामाचं आहे.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. काही अडचणी कुठल्याच ऑपरेटिंग सिस्टिमनं सुटत नाहीत. बटण दाबल्यापासून रॅम तपासून, रेड कार्ड जागं होऊन बूट सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं जातात, ती जाणारच. बहुतेक सर्व्हरना स्लीप माहीतच नसते. चालू किंवा बंद, एवढंच. साउंड कार्ड नसतं, त्यासाठी यूएसबीचा छोटा डोंगल घ्यावा लागतो आणि तो सगळीकडे चालतो. प्रोसेसरचंही तसंच. बारा कोअर ऐकायला भारी वाटतात, पण प्रत्येकाचा मूळ वेग २.१ गिगाहर्ट्झ. एकेकट्या कोअरवर चालणारी कामं, म्हणजे ब्राउझरमधली जड पानं वगैरे, आजच्या साध्या लॅपटॉपवर जास्त चटकन होतात. सर्व्हरचा जोर एकाच वेळी खूप गोष्टी चालवण्यात आहे, आणि निवड करताना तो लक्षात ठेवला तर पुढचं सोपं जातं.

खरी कसोटी लागते ती ग्राफिक्सवर. सर्व्हरच्या बोर्डावर बहुतेक वेळा मॅट्रॉक्स जी२०० घराण्यातली चिप असते. मूळ जी२०० आली १९९८ मध्ये. सर्व्हरवाल्यांना फक्त इन्स्टॉलचा पडदा दिसण्यापुरतं चित्र हवं असतं, म्हणून ती अजून टिकून आहे. १६ एमबी मेमरी आणि मागे एक व्हीजीए पोर्ट. आम्ही पहिल्यांदा मॉनिटर जोडला तेव्हा पडदा १०२४ बाय ७६८ वर उघडला. ताईनं एक पत्रिका उघडली आणि डोळे बारीक करून पाहत राहिली. 'आशीर्वाद'मधला रफार वेलांटीत मिसळला होता आणि 'चिरंजीव'वरचा अनुस्वार आहे की पडद्यावरचा डाग, ते कळेना. मुद्रितं तपासणाऱ्या माणसाला हे चालणारच नाही.

मिंट आणि डेबियन ही लिनक्सचीच रूपं, आणि त्यांवर वेगवेगळे डेस्कटॉप बसतात. या चिपवर मिंटची सिनॅमन डेस्कटॉपवाली आवृत्ती टाकली, तर चित्र काढायचं काम प्रोसेसरवर पडतं आणि कोपऱ्यात तशी सूचनाही येते. खिडकी सरकवली की मागे तिची सावली रेंगाळते. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचंही तेच. एक्सएफसीई हा तिसरा मात्र साधा असल्यानं बऱ्यापैकी चालतो. म्हणून निर्णयाची पहिली पायरी अशी: ग्राफिक्स कार्ड लावणार नसाल तर एक्सएफसीई किंवा तितकाच हलका डेस्कटॉप, दुसरं काही नको. लावणार असाल तर वीज कमी खाणारं घ्या. सर्व्हरचे बरेच स्लॉट २५ वॉटच्या हिशेबानं बनवलेले असतात आणि कार्डासाठीची वेगळी पॉवर केबल बहुधा नसतेच. एनव्हिडियाच्या जीटी १०३० ला ३० वॉट लागतात, एएमडीच्या आरएक्स ५५० ला ५०, त्यामुळे स्लॉट किती देतो ते मॅन्युअलमध्ये आधी बघा. लिनक्सवर जाणार असाल तर माझं मत एएमडी कार्डाला, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. एनव्हिडियाची जुनी कार्डं एकेक करून नव्या ड्रायव्हरमधून बाहेर पडतात, आणि मग अपडेट आलं की धाकधूक.

आता विंडोज. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुदतवाढीच्या योजनेवर दिवस काढता येतात, पण नवी मांडणी त्या पायावर कशाला करायची? विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, सिक्युअर बूट जमणारं यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) लागतं आणि प्रोसेसर यादीतला लागतो. २०१२-१३ चे झिऑन त्या यादीत नाहीत. पळवाटा आहेत आणि त्या चालतातही, पण पुढचं मोठं अपडेट बसेल याची हमी कोणी देत नाही. ज्या मशीनवर रोजचं पोट आहे तिथे मी हा मार्ग सुचवणार नाही. त्याहून जुना, २००७ च्या आसपासचा झिऑन असेल तर विषयच संपला: २४एच२ या आवृत्तीपासून पॉपकाउंट ही आज्ञा (इन्स्ट्रक्शन) नसलेल्या प्रोसेसरवर विंडोज ११ बूटच होत नाही. आणखी एक गोम बऱ्याच जणांना माहीत नसते. होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते. दोन प्रोसेसरच्या सर्व्हरवर होम टाकलं की दुसरा प्रोसेसर नुसता वीज खात बसतो. दोन्ही हवे असतील तर प्रो.

विंडोज सर्व्हर २०२२ अशा यंत्रासाठीच बनलेलं आहे आणि त्याचा आधार ऑक्टोबर २०३१ पर्यंत आहे. पण लायसन्सची किंमत सर्व्हरच्या किमतीपुढे फार जास्त, आणि घरगुती वापराची काही सॉफ्टवेअरं 'सर्व्हर' शब्द दिसताच इन्स्टॉल व्हायला नकार देतात. १८० दिवसांची चाचणी आवृत्ती शिकायला उत्तम, दुकान चालवायला नाही.

उरतं लिनक्स, आणि तिथे मिंट की डेबियन हा खरा पेच. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. विंडोजवरून येणाऱ्या माणसाला मेनू ओळखीचा वाटतो, प्रिंटर पटकन सापडतो आणि घरातलं कोणीही त्यावर बसू शकतं. घरच्या वापरासाठी कोणी विचारलं तर मी मिंट एक्सएफसीईच सांगतो. डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये आलं. तीन वर्षं पूर्ण आधार आणि वर दोन वर्षं दीर्घकालीन. ते दोन आवृत्त्यांच्या मधे फारसं बदलत नाही, आणि जुन्या यंत्राला हेच मानवतं: आज जी कार्डं चालली ती उद्याही चालतात. डेबियनबद्दलची एक जुनी तक्रारही आता उरलेली नाही. पूर्वी ब्रॉडकॉमच्या काही सर्व्हर लॅन पोर्टांसाठी फर्मवेअर (चिपला लागणारी फाइल) वेगळं आणावं लागायचं. डेबियन १२ पासून ते इन्स्टॉलरमध्येच येतं. ताईच्या मशीनवर शेवटी डेबियन एक्सएफसीई बसलं.

रेड हॅट या कंपनीच्या, सर्व्हरसाठीच्या लिनक्स घराण्याबद्दल सावध करतो, कारण 'सर्व्हर आहे म्हणजे सर्व्हरवालं लिनक्स' असं वाटणं साहजिक आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पण जुनं सामान सोडून देण्यात हेच सर्वांत पुढे आहेत. आठव्या आवृत्तीत बऱ्याच जुन्या रेड आणि सॅस कार्डांचा आधार काढला, त्यामुळे इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही; एलरेपो या बाहेरच्या साठ्यातला ड्रायव्हर जोडावा लागतो. दहाव्या आवृत्तीला एव्हीएक्स२ (प्रोसेसरमधल्या आज्ञांचा एक संच) असलेला प्रोसेसर हवा, म्हणजे इंटेलच्या हॅसवेल पिढीचा किंवा त्यानंतरचा. ई५ व्ही२ तिथेच बाद. त्याच घराण्यातल्या अल्मालिनक्स १० नं जुन्या प्रोसेसरसाठी वेगळी आवृत्ती ठेवली आहे, ही त्यांची मोठी मदत. तरी डेस्कटॉपसाठी एवढा खटाटोप करायचं कारण मला दिसत नाही. फ्रीबीएसडी ही लिनक्सहून वेगळी, युनिक्स वळणाची सिस्टिम फाइल साठवायला सुरेख. रोजच्या टेबलावर नको.

मग ताईच्या जुन्या फाइलींचं काय? वीस वर्षांचं काम श्री-लिपीच्या जुन्या फॉन्टांत आणि पेजमेकर या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये. ते युनिकोड, म्हणजे सगळीकडे सारखं दिसणारं टायपिंग नाही. फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात, आणि ही सॉफ्टवेअरं विंडोजचीच. इथे ६४ जीबी रॅम कामाला आली. डेबियनमध्ये व्हर्ट-मॅनेजर हे सॉफ्टवेअर टाकून त्यात व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) बनवलं, त्याला ८ जीबी रॅम आणि चार कोअर दिले, आणि ताईकडे पडून असलेल्या लायसन्सवर तिचं जुनं विंडोज त्यात बसवलं. त्या आतल्या मशीनचं नेटवर्क कार्ड काढून टाकलं. फाइली पेनड्राइव्हनं आत, पीडीएफ पेनड्राइव्हनं बाहेर. आधार संपलेलं विंडोज नेटपासून तुटलेलं असल्यानं जिवाला घोर नाही. सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक (लायसन्सची किल्ली) असेल तर तोही आतल्या मशीनला देता येतो. टॅलीवाल्यांनाही हाच मार्ग सुचवेन, फक्त त्यांना नेट लागणार, म्हणून आत आधार चालू असलेलं विंडोज हवं. नवं मराठी टायपिंग बाहेर डेबियनमध्येच होतं. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारचा कळफलक दोन्ही आहेत.

पंख्यांचा एक प्रसंग सांगायलाच हवा. ग्राफिक्स कार्ड लावलं आणि पंखे असे सुटले की शेजारचा झेरॉक्सवाला बघायला आला. काही सर्व्हरना अनोळखी कार्डाचं तापमान कळत नाही, म्हणून ते पंखे जोरात फिरवतात. आमच्या मॉडेलवर आयपीएमआयटूल या सर्व्हर हाताळायच्या टूलच्या एका आज्ञेनं ते शांत झाले. डेबियन आणि मिंट दोन्हींत हे टूल तयार मिळतं.

वीज मी मीटर लावून मोजली. नुसता चालू असताना १३० वॉट. रोज १० तास, महिन्याला २६ दिवस धरले तर जवळपास ३४ युनिट. घरी ठेवणार असाल तर महावितरणचे १०० आणि ३०० युनिटचे टप्पे बघून ठरवा. आधीच काठावर असाल तर तेवढ्यानं वरच्या दरात जाल. एक प्रोसेसर काढून वीज वाचते, पण त्याच्या वाटणीचे रॅमचे आणि कार्डांचे काही स्लॉटही बंद पडतात.

गोदामात सर्व्हर बघायला जाताना मिंट किंवा डेबियनचा लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारा) पेनड्राइव्ह खिशात ठेवा. मशीन चालू करायला सांगा आणि पेनड्राइव्हवरून बूट करा. टर्मिनलमध्ये एलएससीपीयू चालवून सॉकेट किती आणि एव्हीएक्स२ आहे का ते बघा, एलएसपीसीआयनं रेड कार्ड कुठलं ते बघा, आणि डिस्क दिसतायत का ते तपासा. मग दहा मिनिटं तिथेच उभं राहून पंख्यांचा आवाज ऐका, आणि त्यानंतरच भावाचं बोला.