लेकरू, ट्रायपॉड आणि चार दिवस सुट्टी: कच्छचं रण की जैसलमेर?

सोलापुरातून लेकराला घेऊन वाळवंटात जायचंय आणि रात्रीचे फोटोपण काढायचेत, तर बुकिंग करायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. आधी तिथी, मग जागा. आम्ही दोन्हीकडं जाऊन आलोय आणि जैसलमेरला नेमकं हेच चुकलं, ताऱ्यांचे फोटो काढायला म्हणून गेलो आणि डोक्यावर परातीएवढा चंद्र, लेक टाळ्या वाजवतीय आणि मी कॅमेरा परत बॅगेत.

रण हे चांदण्याचं. धोरडो या रणाच्या कडेच्या गावी पौर्णिमेच्या संध्याकाळी एकीकडं सूर्य बुडतो, दुसरीकडून चंद्र वर येतो आणि मधे नजर जाईल तिथवर मीठ. सात-साडेसातला फोटो सुरू करता येतात म्हणजे लेकरू जागं असतं, ही लई मोठी सोय. आयएसओ (कॅमेरा प्रकाश किती टिपतो तो आकडा) ८००, लेन्सचं छिद्र एफ ४, शटर दहा सेकंद उघडं, एवढ्यात काम होतं. आमच्या सहा वर्षांच्या बाईसाहेबांनी मिठाचा खडा उचलून चाटला, "बाबा, खरंच खारटंय!" आणि मग शेजारच्या अनोळखी आजींनाही चाखायला दिला. पण पौर्णिमेला गर्दी तुफान, पास लागतोच, आणि रात्री किती वाजेपर्यंत थांबू देतात ते पास घेतानाच विचारून घ्या. नोव्हेंबरात घाई नको, पाणी पूर्ण आटलेलं नसतं, डिसेंबर ते फेब्रुवारी बरं. घरी आल्यावर ट्रायपॉडचे पाय साध्या पाण्यानं धुवा, नाहीतर गंज. अक्कलकोट-गाणगापूर करणाऱ्यांसाठी अजून एक, कच्छातल्याच काळो डुंगर या डोंगरावर दत्ताचं देऊळ आहे, तिथं कोल्ह्यांना प्रसाद घालतात.

जैसलमेर हे अंधाराचं, म्हणजे अमावस्येचं. सम हे वाळूच्या टेकड्यांचं गाव जैसलमेर शहरापासून ४० किमीवर, पण तिथं कॅम्पला कॅम्प लागून, आमच्या कॅम्पवर अकरापर्यंत डीजे आणि वर हॅलोजन, तारे कुठले दिसतायत. त्यापेक्षा जैसलमेरजवळचंच खुरी गाव शांत. ध्रुवतारा आपल्याकडं साडेसतरा अंशांवर असतो, तिथं जवळपास २७, लेकराला हाताच्या मुठी एकावर एक ठेवून मोजून दाखवा, साधारण दहा अंशाला एक मूठ. डिसेंबर-जानेवारीत मृग नक्षत्र झकास, पण आकाशगंगेचा तो दाट पट्टा हवा असेल तर फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या अमावस्येला पहाटे पाचला आग्नेयेकडं बघायचं, आणि तेव्हा लेकरू झोपलेलं, म्हणजे दोघांतल्या एकानं तंबूत थांबायचं. आयएसओ ३२००, किट लेन्स (कॅमेऱ्याबरोबर येते ती) १८ मिमीवर, शटर १८-२० सेकंद, त्याच्यावर गेलात की ताऱ्यांच्या रेघा होतात. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत.

खेळायला मात्र वाळूच भारी हे मान्य. टेकडीवरनं घसरायचं, परत चढायचं, दोन तास आमच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. रणात मीठ चाटून झालं की लेकरू "आता काय?" म्हणतं.

प्रवासात कच्छ सोपं. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सकाळी मुंबई, संध्याकाळी वांद्र्याहून कच्छ एक्स्प्रेस, दुसऱ्या दिवशी भुज, पुढं धोरडो ८० किमी. जैसलमेरसाठी मुंबईहून सूर्यनगरी एक्स्प्रेसनं जोधपूर आणि तिथून पाच तास गाडी, मधे उलटीची पिशवी हाताशी ठेवा. खिचडी-कढी कच्छात लेकरू गपचूप खातं, तरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्याच. आणि सोलापुरी चादर दोन, हिवाळ्यात वाळवंटातली रात्र आपल्या माणसाला झेपत नाही.

सहा-सात वर्षांपर्यंतचं लेकरू आणि मोजकी रजा असेल तर मी म्हणीन रण. तारेच हवे असतील तर खुरी, पण पाच दिवसांच्या खाली नको. लडाखमधलं हानले आकाशासाठी अव्वल, पण उंची सव्वाचार हजार मीटरच्या वर, एवढ्या लहान लेकराला तिथं नकोच.

आणि लेन्स खोलीतच बदलून निघा. मी खुरीला वाऱ्यात बदलली, झूम फिरवला की अजून कर्र वाजतंय.