पत्र्याच्या शेडमधलं नेटवर्क: १४ महिने चालवल्यानंतर

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका बंद डाळमिलच्या दोन शेड आम्ही काही जणांनी मिळून भाड्यानं घेतल्यात. तिथं सगळ्यांसाठी खुलं वर्कशॉप चालतं. लेथ आहे, वेल्डिंग आहे, लाकूड कापायचं सीएनसी (कॉम्प्युटरच्या आज्ञेवर चालणारं मशीन), एक लेझर कटर, तीन थ्रीडी प्रिंटर आणि बचत गटाच्या ताईंची भरतकामाची मशीन. आयटीआयची पोरं येतात, फवारणीचा पंप घेऊन शेतकरी येतात, शनिवार-रविवारी कॉलेजची मुलं येतात. पगारी माणूस एकही नाही. या सगळ्याला जोडणारं कॉम्प्युटर नेटवर्क आम्ही चौघं स्वयंसेवक सांभाळतो. मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. नेटवर्किंग शिकलो ते इथंच. आज जसं आहे तसं ते उभं राहून १४ महिने झाले. आपल्या गावात असं काही सुरू करायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

नेटवर्क लागतंच कशाला, हा प्रश्न पहिल्याच बैठकीत आला होता. उत्तर होतं पेनड्राइव्ह. लेझरला जोडलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे, कारण मशीनचं सॉफ्टवेअर त्याच्यावरच चालतं. मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबवले. अशा कॉम्प्युटरला दिवसभरात वीस जणांचे पेनड्राइव्ह लागायचे. फोल्डरचे शॉर्टकट करून टाकणारा व्हायरस तिथून घरोघर जायचा. एका ताईंची साडीच्या काठाची डिझाइनं त्यात गेली, कित्येक दिवसांची मेहनत. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन महिने लेझरकडे फिरकल्या नाहीत. ते मला फार लागलं.

पहिलं नेटवर्क एका हुशार पोरानं एकट्यानं उभारलं होतं. चांगलं होतं. मग त्याला पुण्यात नोकरी लागली, तो गेला, आणि पंधरा दिवसांनी वाय-फाय बंद पडलं. पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. कुठली तार कुठं जाते हेही नाही. त्याच्यावर माझा राग नाही. आम्हीच कधी विचारलं नव्हतं. सगळं रिसेट करून शून्यातून सुरुवात केली तेव्हा आम्ही एक नियम ठरवला, आणि १४ महिन्यांत तोच सगळ्यात जास्त उपयोगी पडला: चौघांपैकी किमान दोघांना जी गोष्ट फळ्यावर काढून समजावता येत नाही, ती नेटवर्कमध्ये राहणार नाही.

राउटरवर आम्ही ओपनडब्ल्यूआरटी टाकलं. राउटरमध्ये मूळ सॉफ्टवेअरच्या जागी बसणारी ही मोफत, खुली प्रणाली आहे. २००४ च्या सुमारास लिंक्सिसच्या एका निळ्या-काळ्या राउटरवरून तिची सुरुवात झाली. घेण्याआधी आपलं मॉडेल, अगदी आवृत्तीच्या आकड्यासकट, तिच्या यादीत आहे का ते पाहा. एकाच नावाच्या डब्यात आवृत्ती बदलली की आतली चिप बदललेली असते. सगळी सेटिंग्ज एका फाइलमध्ये उतरवून ठेवता येतात आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या राउटरमध्ये चढवता येतात, यासाठीच मी ती निवडली. १४ महिन्यांत सॉफ्टवेअरमुळे राउटर एकदाही अडकला नाही. पहिल्या दिवशी मात्र एक अडचण आली: इंटरनेटवाल्यांच्या डब्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ आणि आमच्या राउटरचाही तोच. दोन्ही एकमेकांना जोडले की काहीच धड चालत नव्हतं. आमचं आतलं नेटवर्क १० पासून सुरू होणाऱ्या पत्त्यांवर नेलं आणि प्रश्न मिटला.

आत तीन भाग केले. एक मशीनचा, एक सभासदांचा, एक पाहुण्यांचा. तारा आणि स्विच (अनेक कॉम्प्युटरच्या तारा जोडणारा डबा) तेच, पण व्हीलॅन करून, म्हणजे सेटिंगमधून एकाच नेटवर्कचे वेगळे भाग पाडून, प्रत्येकाची भिंत वेगळी. मशीनच्या भागाला इंटरनेट अजिबात नाही, त्यामुळे विंडोज ७ चं ते कॉम्प्युटर निवांत आहे. फाइली ठेवायला एका जुन्या डेस्कटॉपवर सांबा (नेटवर्कवरून फाइली वाटणारं सॉफ्टवेअर) टाकून सामायिक फोल्डर केलं. माणूस आपल्या लॅपटॉपवरून त्यात फाइल टाकतो आणि लेझरजवळ जाऊन उघडतो. (विंडोज ७ साठी फाइल देवाणघेवाणीची जुनी, धोक्याची एसएमबी १ पद्धत चालू ठेवावी लागते असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. गरज नाही, त्याला २.१ येते.) पेनड्राइव्ह बंद झाले. साडीवाल्या ताई परत आल्या, आणि आता डिझाइनची एक प्रत कायम त्या फोल्डरमध्ये असते.

सीएनसीचा अनुभव थोडा सविस्तर सांगतो. ते पूर्वी लॅपटॉपवरून यूएसबीनं चालायचं. स्पिंडलच्या (कापणारं टोक फिरवणाऱ्या मोटरच्या) ड्राइव्हमधून आणि शेजारच्या वेल्डिंगमधून विजेचा इतका गोंगाट येतो की काम अर्ध्यात असताना यूएसबी तुटायची आणि सागवानाची फळी वाया जायची. इथरनेटच्या, म्हणजे नेटवर्कच्या तारेच्या, प्रत्येक पोर्टमध्ये बारीक ट्रान्सफॉर्मर असतो, तो दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीनं वेगळ्या ठेवतो, त्यामुळे ती तार हा गोंगाट बरीच सहन करते. आता फाइल नेटवर्कवरून मशीनशेजारच्या कंट्रोलरमध्ये जाते आणि काम सुरू झालं की नेटवर्क तुटलं तरी फळी पूर्ण होते. कापणं चालू असताना फाइल तारेवरून येत राहील अशी रचना करूच नका.

आता वीज. दोन शेडमध्ये साठेक मीटर अंतर आहे. तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर, म्हणून आम्ही निर्धास्तपणे कॅट-६ जातीची केबल टाकली, खांबावरून. रोहिणीचा पाऊस आला तसा एका संध्याकाळी जवळच कुठंतरी वीज कोसळली. शेडवर पडली नाही. तरीही केबलच्या दोन्ही टोकांचे स्विच गेले आणि त्यांच्यामागच्या दोन कॉम्प्युटरचे लॅन पोर्ट गेले. कारण नंतर कळलं: एवढी लांब तार उघड्यावर असली की तिच्यात झटका तयार होतो, शिवाय दोन शेडचं अर्थिंग वेगळं असेल तर फरक त्याच तारेतून वाट काढतो. अंतराच्या हिशेबात आम्ही बरोबर होतो, मराठवाड्यातल्या मे-जूनच्या आभाळाचा हिशेब केला नव्हता. मग दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (तारेतला सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशातला तारेत बदलणारा डबा) बसवून मध्ये फायबर टाकली. काचेतून वीज जात नाही. फायबर घेताना आत लोखंडी तार नसलेली मागा, नाहीतर अर्धा फायदा जातो. त्यानंतर दुसरा पावसाळा तोंडावर आलाय, परवाच्या वादळात एमआयडीसीतले दिवे गेले, आमचा एकही पोर्ट गेला नाही. दोन इमारती जोडायच्या असतील तर पहिल्या दिवसापासून फायबरच टाका, हे मी ज्याला त्याला सांगत असतो.

लाइट जाण्याचं उत्तर स्वस्तात मिळालं. राउटर आणि इंटरनेटचा डबा दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, त्यांना छोटा डीसी यूपीएस लावला. स्विच आणि चार कॅमेरे इन्व्हर्टरवर आहेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायची तारीख भिंतीवर लिहिली आहे, कारण एप्रिल-मे मध्ये पाणी किती लवकर उतरतं ते एकदा विसरून पाहिलंय.

उन्हाळ्यानं एक गोष्ट शिकवली. स्विचचा डबा आम्ही चोरी होऊ नये म्हणून वर, पत्र्याजवळ ठोकला होता. बाहेर पारा ४२ च्या आसपास असतो तेव्हा पत्र्याखाली हात लावता येत नाही. दुपारी दोनच्या सुमारास स्विच बंद पडायचा, संध्याकाळी आपोआप सुरू व्हायचा, आणि आम्ही आठवडाभर केबल तपासत होतो. डबा छातीच्या उंचीवर उत्तरेच्या भिंतीला आणला, त्रास संपला. एमडीएफचा (दाबून बनवलेल्या लाकडी फळीचा) भुसा आत जाऊ नये म्हणून जाळीला फिल्टरचं कापड लावलंय, ते दर रविवारी झटकतो.

वाय-फायबद्दल थोडक्यात. पत्र्याची भिंत सिग्नल अडवते, एकाच राउटरवर दोन्ही शेड चालवायचा नाद सोडा. प्रत्येक शेडला तारेनं जोडलेला स्वतंत्र अॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा डबा) द्या, २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ याच चॅनेलमधून निवडा, कारण तेवढेच एकमेकांवर चढत नाहीत. मेश, म्हणजे हे डबे तारेविना एकमेकांना जोडणं, करून पाहिलं, काढून टाकलं.

पाय-होलही काढलं. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ते जाहिराती अडवायचं, सगळ्यांना आवडलं होतं. पण सगळ्यांचं डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं) त्याच्यातून जायचं आणि लाइटच्या झटक्यांनी त्याचं एसडी कार्ड दोनदा खराब झालं. डीएनएस गेलं की नेट चालू असूनही एकही पान उघडत नाही आणि फोन येतो, "सर, नेट चालना गेलंय." आता वहीत पहिलीच तपासणी ती आहे: इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग (उत्तर येतं का ते पाहणारी हाक) जातोय पण वेबसाइट उघडत नाही, म्हणजे तार ठीक आहे, डीएनएस बघा. एसएसडी लावून पाय-होल पुन्हा बसवता आलं असतं. पण ते चौघांपैकी फक्त मला समजत होतं, म्हणून नियमाप्रमाणे गेलं.

सगळ्यात अवघड दोन दिवस माणसांच्या चांगुलपणामुळे आले. एका मुलानं सिग्नल वाढावा म्हणून घरचा जुना राउटर आणून स्विचला लावला, तोही लॅनच्या पोर्टात. तो राउटर स्वतःच पत्ते वाटू लागला आणि अर्धी कॉम्प्युटरं भलत्याच नेटवर्कवर गेली. दुसऱ्यांदा कुणीतरी लोंबकळणारी वायर दिसली म्हणून नीट खोचून ठेवली. तिचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. वर्तुळ झालं, सगळे दिवे एकत्र लुकलुकायला लागले आणि सगळं ठप्प. दोन्हींवर स्विचमध्ये उपाय असतो, डीएचसीपी स्नूपिंग (परक्या राउटरला पत्ते वाटू न देणं) आणि एसटीपी (वर्तुळ झालं की ते तोडणं), पण त्यासाठी मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच लागतो. आम्ही तो विजेच्या दणक्यानंतर घेतला. आधी घेतला असता तर बरं झालं असतं. त्या मुलाला मात्र कुणी रागावलं नाही. तो आज चौघांतला एक आहे.

पाहुण्यांच्या भागात आम्ही फक्त ५० पत्ते ठेवले होते, एकदा दिलेला पत्ता १२ तास त्याच फोनसाठी राखलेला. एका शिबिराला साठ मुलं आली आणि उशिरा आलेल्यांना नेटच मिळेना. मुदत दोन तास केली, पत्ते वाढवले.

घरून प्रिंटर बघता यावा ही मागणी फार होती. ऑक्टोप्रिंट (नेटवर्कवरून थ्रीडी प्रिंटर चालवायचं सॉफ्टवेअर) थेट इंटरनेटवर उघडं करू नये. प्रिंटरमध्ये तापणारा भाग असतो, तो परक्याच्या हाती देणं म्हणजे आगीशी खेळ. वायरगार्ड (इंटरनेटवरून आत यायची सुरक्षित वाट करणारं सॉफ्टवेअर) लावायचं ठरवलं तर कळलं की आम्हाला मिळणारा पत्ता १००.६४ नं सुरू होतो, म्हणजे कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागं बसवते आणि बाहेरून आत येता येत नाही. भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेऊन दोन्हीकडून त्याला जोडलं, दर २५ सेकंदांनी एक हाक जात राहते म्हणून वाट उघडी राहते. चालतंय. पण महिन्याचं भाडं वर्गणीतून जातं आणि वापरणारे सहा जण आहेत, त्यामुळे दिवाळीनंतर ठेवायचं की नाही ते ठरवू.

स्वयंसेवकांचं वेळापत्रक सोयाबीनच्या काढणीनं ठरतं. ऑक्टोबरात आमच्यातले दोघं शेतावर असतात, मार्चमध्ये मी पेपर तपासत असतो. म्हणून वही. शंभर पानी, दोरीनं डब्याला बांधलेली. पहिल्या पानावर हातानं काढलेला नकाशा, मग प्रत्येक तारेचा नंबर, आणि काय बिघडलं, काय केलं, तारीख, सही. पासवर्ड बंद पाकिटात कपाटात. शेजारी त्याच मॉडेलचा दुसरा राउटर, सेटिंग्ज आधीच चढवलेला. आधी आम्ही हे सगळं कॉम्प्युटरवर लिहून ठेवायचो, पण नेटवर्क बंद असतानाच नेमकं ते वाचता यायचं नाही.

आमच्यातले सर्वात मोठे मामा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेत. इंग्रजी वाचायला त्यांना वेळ लागतो. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हा केबलच्या आतल्या आठ तारांचा क्रम त्यांनी पाठ केला आणि त्यांनी दाबलेला कनेक्टर आजवर एकही नापास झाला नाही. गेल्या महिन्यात मी लग्नाला नांदेडला होतो. सकाळी आलो तर सगळं नेहमीसारखं चालू. वही चाळताना आदल्या रात्रीची नोंद दिसली, मामांच्या अक्षरात: "रात्री ९. राउटरचा दिवा लागना. अॅडॉप्टर बदलून पाहिलं, नाही. कपाटातला लावला. नकाशाप्रमाणे तारा १, ४, ७. लेझर चालू, ताईंची फाइल आली. ९.४०."

मला फोनसुद्धा केला नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "लिहिलेलं होतं की वो सर, फोन कशाला?"

कपाटातली जागा आता रिकामी आहे. तेच मॉडेल बाजारात अजून मिळतंय, त्यासाठी वर्गणी चालू आहे, आणि हा पावसाळा जोर धरायच्या आत ते आणायचंय.