तीन बाजूंचा टूथब्रश, भावासाठी घेतला, सहा महिने वापरून झाले

माझ्या धाकट्या भावाला डाउन सिंड्रोम आहे, वय 24. त्याच्या दाताला कीड कधी लागलीच नाही, त्यामुळे आम्ही घरात सगळे निवांत की याचे दात मस्त आहेत, आणि मग एक दिवस खालचे पुढचे दोन दात हलायला लागले. तेव्हा डेंटिस्टनी सांगितलं की डाउन सिंड्रोममध्ये असंच होतं बऱ्याचदा, कीड कमी पण हिरड्यांचा आजार लवकर येतो आणि जोरात येतो, कारण प्रतिकारशक्तीच वेगळी असते, त्यात दातांची मुळं आखूड, म्हणजे हाड थोडं झिजलं तरी दात हलतो. हे आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, अजून वाईट वाटतं.

तर ब्रश. तीन बाजूंनी ब्रिसल्स आहेत, दातावर बसवला की बाहेरची, आतली आणि चावायची बाजू एकदमच घासली जाते. साध्या ब्रशने तो फक्त समोरचे दात घासायचा, आत ब्रश गेला की जीभ आडवी यायची, उमासे यायचे, की झालं, ब्रश बेसिनमध्ये. यात मनगट वळवायचं कामच नाही, नुसतं पुढेमागे, आणि ते त्याला जमलं! आता स्वतःच करतो, मला हात लावू देत नाही. महिन्याभरात हिरड्यांतून रक्त यायचं बरंच कमी झालं.

पण मोठी साइज घेऊ नका, आम्ही तीच चूक केली. याचा जबडा लहान, ब्रश शेवटच्या दाढेपर्यंत जातच नाही. काही दात त्याला आलेच नाहीत, तिथल्या फटीत आणि वाकड्या दातांवर तो नीट बसत नाही, म्हणून रात्री मी मऊ, छोट्या डोक्याच्या ब्रशने तेवढी जागा करते. मागे उभी राहून करते पण मान मागे ताणत नाही, डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, डेंटिस्टच्या खुर्चीवरही हे आधी सांगा. आणि हृदयाचं ऑपरेशन झालेलं असेल तर दात साफ करून घेण्याआधी हार्टच्या डॉक्टरांना अँटिबायोटिकचं विचारून घ्या, आम्ही विचारतो.

ब्रिसल्स लवकर पसरतात, तो चावतो म्हणून. पाचपैकी चार स्टार, एक कापला कारण पाकिटावर साइजचं माप काहीच दिलेलं नाही. लहान साइजचा मागवलाय.