टॉनिक मागायला गेले होते: पारोळ्याचं कोंबडीखाद्याचं दुकान

मागची दिवाळी उलटली आणि माझ्या खुराड्यातली अंडी आटली. चोवीस कोंबड्या आहेत माझ्याकडे, चौदा गावरान आणि दहा गिरिराज, म्हणजे सुधारित जातीच्या. दसऱ्यापर्यंत रोज दहा-अकरा अंडी निघायची. ती दोनावर आली, आणि एक आठवडा तर टोपली रिकामीच. गावातली चार घरं आणि एक किराणावाला माझ्याकडून अंडी नेतात. त्या पैशातून धाकटीच्या शिकवणीची फी जाते, म्हणून मला घोर लागला. सासूबाई म्हणाल्या, "म्हताऱ्या व्हयन्यात, इकी टाक." मला ते पटेना, कारण गिरिराज तर दीड वर्षाच्याच होत्या.

आधी दुसऱ्या एका दुकानातून 180 रुपयांची टॉनिकची बाटली आणली. पंधरा दिवस पाण्यातून पाजली, काही फरक नाही. मग जावेनं या दुकानाचं सांगितलं. किल्ल्याकडून बाजारपेठेत शिरलं की पोत्यांची थप्पी दिसते, तेच. पाटी नाही. आत फळ्यावर खडूनं लिहिलंय, 'आजारी कोंबडी दुकानात आणू नये'. गल्ल्यावर साठीपुढचे गृहस्थ असतात, सगळे त्यांना अप्पा म्हणतात.

मी म्हटलं, "अप्पा, अंडी वाढायचं चांगलं टॉनिक द्या."

"देतो. पहिले सांगा ताई, एखादी मरनी का एकाएकी? तोंड सुजणं, हिरवी हगवण, मान वाकडी?"

तसं काही नव्हतं. तेव्हा कुठे ते पुढे बोलले. 2006 साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला, देशातला पहिला. 2021 ला तिथेच पुन्हा आला. अप्पांना ते दोन्ही दिवस आठवतात. म्हणाले, अंडी एकदम बंद आणि सोबत मरतूक असेल तर माझ्याकडे यायचंच नाही, मेलेल्या कोंबडीला हात लावायचा नाही, सरळ सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. स्वतःचं गिऱ्हाईक असं परत पाठवायला तयार असलेला दुकानदार मी पहिल्यांदा पाहिला.

पुढचा प्रश्न, "खावाले काय देतस?"

मका, बाजरीची कणी, घरातलं उरलंसुरलं, आणि सरकीची ढेप. ढेप आमच्याकडे म्हशीसाठी असतेच. म्हशीचं दूध वाढतं तर कोंबडीलाही ताकद येईल, असं मला वाटायचं, म्हणून पावसाळ्यापासून रोज भिजवून देत होते. ढेपेचं नाव निघताच अप्पांनी तराजू खाली ठेवला. सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. म्हशीच्या मोठ्या पोटात ते बरंचसं निष्प्रभ होतं, कोंबडीला तशी सोय नाही. जास्त झालं तर अंडी कमी होतात, आणि अंडं काही दिवस ठेवलं की आतला बलक हिरवट-तपकिरी पडतो. मी तिथेच गप्प झाले. भाद्रपदात किराणावाल्यानं मला अशी चार अंडी परत केली होती आणि मी त्याच्याशी भांडले होते, की तूच जुनी करून ठेवलीस. घरी येताना आधी त्याच्याकडे गेले आणि माफी मागितली. आपल्या भागात घरोघरी कापूस आणि घरोघरी ढेप, म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. कोंबड्यांना ढेप घालू नका.

टॉनिक त्यांनी दिलंच नाही. दुकानामागे डालग्याखाली त्यांच्या स्वतःच्या कोंबड्या होत्या. त्यातली एक काखेत धरून त्यांनी मला तपासायला शिकवलं. शेपटीखाली, अंडं येतं त्या जागेच्या दोन बाजूंना दोन बारीक हाडं लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं मावली आणि जागा ओलसर, सैल असली, तर कोंबडी अंड्यावर आहे. एकच बोट जेमतेम शिरलं आणि तुरा सुकून फिकट पडलेला असला, तर ती बंद आहे.

त्या रात्री बॅटरी घेऊन मी चोवीसही तपासल्या. पाच कोंबड्या अंड्यावर होत्या, आणि घरात अंडी तर दिसत नव्हती! सकाळी धाकटीला पाळतीवर बसवलं. दोन गावरान कोंबड्या वाड्यामागच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, ढिगात शिरताना दिसल्या. आत अकरा अंडी निघाली, काही मुंगसानं फोडलेली. आता सकाळी नऊ-दहापर्यंत कोंबड्या सोडत नाही. खुराड्यात अंधाऱ्या कोपऱ्यात भुसा घातलेल्या दोन पाट्या ठेवल्यात, तिथेच घालतात.

दोन खुडूक बसलेल्या होत्या, म्हणजे अंडी घालणं सोडून उबवायला बसलेल्या. सासूबाई अशा कोंबडीला पाण्यात बुचकळतात, ते मला कधीच बघवलं नाही. अप्पांनी सांगितलं तसं टोमॅटोचं कॅरेट दोन विटांवर ठेवलं, त्यात कोंबडी, शेजारी दाणापाणी. पोटाखालून वारा खेळला की खुडूकपणा उतरतो. एकीला चार दिवस लागले, दुसरीला सहा.

सहा-सातजणींची पिसं झडत होती. मी तो रोग समजत होते. पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच, त्यामुळे नवी पिसं येईतो दोन-तीन महिने कोंबडी अंड्याला काही उरवत नाही. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्केच, तेव्हा नुसत्या मक्यावर ती भरून कशी निघणार? इथे मी पहिल्यांदा पैसे खर्च केले: लेयर मॅशचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्याचं, 50 किलोचं पोतं, 1,550 रुपयांना. मका-बाजरी आता फक्त संध्याकाळी मूठभर.

सोबत शिंपल्याचा चुरा, 20 रुपये किलो. अंड्याचं कवच म्हणजे जवळपास सगळा चुनाच, एका कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. हा चुरा खाद्यात कालवायचा नाही, वेगळ्या वाटीत ठेवायचा, जिला लागेल ती खाते. कवच रात्री घडतं म्हणून संध्याकाळी वाटी भरलेली हवी. पिल्लांपासून मात्र लेयर मॅश लांब ठेवा, एवढ्या कॅल्शियमनं त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. हेही अप्पांनी मी न विचारता सांगितलं.

राहिला उजेड. कोंबडीला अंड्यासाठी चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा. खुराड्यात सात वॅटचा एलईडी बल्ब लावला. तो पहाटे लावायचा, दर आठवड्याला अर्धा तास अलीकडे आणत. संध्याकाळी लावून एकदम बंद केला तर कोंबड्या अंधारात अडकतात, बसायच्या दांडीपर्यंत त्यांना पोचता येत नाही. बल्ब अप्पांकडे मिळत नाही, शेजारच्या दुकानातून घेतला. माझ्या म्हाताऱ्या तीन-चार गावरान कोंबड्यांना मी उजेडाचा जोर केला नाही, त्यांना हिवाळाभर वेगळं ठेवलं.

संक्रांतीला सहा अंडी, होळीला बारा.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा घट आली आणि कवच इतकं पातळ की हातात फुटायचं. पारा 44 वर. पुन्हा अप्पांकडे गेले, या वेळी पाच किलो चुरा घ्यायच्या तयारीनं. "चुरा शे ना घरमा? मग कशाले?" कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते, आणि त्या धापेनं रक्तातला जो समतोल ढळतो त्यानंच कवच पातळ होतं. शिवाय उन्हात ती खातेच कमी. खाद्य पहाटे आणि दिवस मावळल्यावर द्या, दोन माठ सावलीत ठेवा, पत्र्यावर पऱ्हाटी अंथरा, जाळीला ओलं गोणपाट बांधा. एक रुपयाचं सामान न विकता त्यांनी मला वाटेला लावलं. माठ मी कडुनिंबाखाली ठेवले, दुपारी पाणी बदलायचं काम धाकटीनं घेतलं. तीन आठवड्यांनी कवच पुन्हा टणक झालं. एकही कोंबडी उन्हानं दगावली नाही, गल्लीत बाकीच्यांच्या दगावल्या.

उणिवाही सांगते. किलोवर विकायचा मॅश उघड्या पोत्यात असतो. श्रावणात नेलेल्या पाच किलोत गुठळ्या निघाल्या, बुरशीचा वास होता. बुरशीच्या विषानंही अंडी घटतात, म्हणून मी तो परत नेला. त्यांनी लगेच बदलून दिला, पण पावसाळ्यात शिवलेलं पोतंच घ्या आणि त्यावरची तारीख वाचा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस त्यांच्याकडे नाही, कारण फ्रीज नाही. ती लस कुपी फोडून कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते आणि कुपी निदान शंभर कोंबड्यांची असते. आम्ही गल्लीतल्या पाचजणी मिळून दवाखान्यात विचारून एकाच सकाळी सगळ्यांच्या कोंबड्यांना देतो.

पाचापैकी साडेचार. अर्धा त्या उघड्या पोत्यांसाठी कापला.

जायचं तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारी एक ते चार बंद असतं. ऑनलाइन पैसे घेत नाहीत, रोख न्या. आणि जाण्याआधी रात्री एकदा कोंबड्या मोजून, तपासून ठेवा, कारण अप्पा विचारतील.