आरसी बोटीची शाफ्ट-नळी बदलायची असेल तर: ४ मिमीचा तयार सेट

रिमोटवर चालणाऱ्या (आरसी) बोटीत मोटारीपासून प्रोपेलरपर्यंत जाणारा फिरता दांडा म्हणजे शाफ्ट, आणि तो हलमधून, म्हणजे बोटीच्या सांगाड्यातून, बाहेर नेणारी ती शाफ्ट-नळी. या सेटमध्ये बाहेरून ८ मिमीची पितळी नळी, तिच्या दोन्ही टोकांना ब्राँझचे बुश (शाफ्टला आधार देणाऱ्या कड्या), आत ४ मिमीचा स्टेनलेस शाफ्ट, प्रोपेलरसाठी एम४चे (४ मिमी मापाचे) आटे, सोबत लॉकनट आणि दोन वॉशर. टग, ट्रॉलर, लाइफबोट अशा संथ चालणाऱ्या मॉडेल बोटींच्या दुरुस्तीसाठी हा सेट बहुतेक वेळा पुरेसा ठरतो. सुट्या भागांपासून नळी तयार करत बसण्यापेक्षा तो घेणं शहाणपणाचं. पण डब्यातून काढला आणि चिकटवला असं केलं तर महिन्याभरात जुनंच दुखणं परत येतं, कारण सेटमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग सगळ्यात स्वस्तातला आहे: वॉशर.

आधी चांगली बाजू. नळीच्या भिंतीची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असली तरी ती पुरेशी ताठ राहते आणि पितळ असल्यामुळे तेल घालायची छोटी नळी तिच्यावर सहज सोल्डर होते. बुश सिंटर्ड (भुकटी दाबून भाजलेल्या) ब्राँझचे आहेत, म्हणजे धातूच्या बारीक छिद्रांत तेल मुरवलेलं असतं आणि शाफ्ट गरम झाला की ते पाझरतं. म्हणूनच त्यांना थिनर किंवा पेट्रोलने धुऊ नका, आणि शाफ्ट घट्ट वाटला म्हणून आतून पॉलिश पेपर तर मुळीच फिरवू नका. घासलेल्या ब्राँझने छिद्रं बुजतात आणि बुश साध्या धातूसारखा कोरडा पडतो. चुकून धुतला गेलाच तर एसएई ३० इंजिन ऑइल कोमट करून त्यात रात्रभर बुडवून ठेवावा.

स्टेनलेस शाफ्ट गंजत नाही, हा त्याचा मोठा गुण. सिल्व्हर स्टीलचा (चकचकीत कार्बन पोलादाचा, यात चांदी नसते) शाफ्ट जास्त कडक आणि सरळ असतो, पण ओला राहिला की आठवड्यात तांबूस डाग दिसतात आणि तोच गंज बुश खातो. स्टेनलेसमध्ये सरळपणा मात्र तपासूनच घ्यावा लागतो. काचेवर शाफ्ट ठेवून हळू लोळवायचा आणि खालून उजेड बघायचा. मधे ०.०५ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पोलादी पट्टी) शिरत असेल तर तो शाफ्ट परत करा. वाकलेला ४ मिमी शाफ्ट हाताने सरळ होतो असं वाटतं, पण होत नाही. वाक फक्त दुसरीकडे सरकतो.

लांबीचा मुद्दा फार थोडे विक्रेते सांगतात. शाफ्टला आधार फक्त दोन टोकांना असतो. एका ठरावीक फेऱ्यांना तो मधे दोरीसारखा फुगून फिरायला लागतो, नळीच्या आतल्या भिंतीवर आपटतो आणि बोटीतून घरघर ऐकू येते. दोन्ही टोकांना आधार असलेल्या ४ मिमी पोलादी शाफ्टसाठी हिशोब केला तर ही मर्यादा २०० मिमी लांबीला मिनिटाला सुमारे १२,००० फेरे, २५० मिमीला साडेसात हजार, ३०० मिमीला सव्वापाच हजार आणि ४०० मिमीला फक्त तीन हजारांच्या आसपास येते. लांबी दुप्पट झाली की मर्यादा चौथाईवर येते. ग्रीसमुळे थोडा दिलासा मिळतो, तरी ३०० मिमीच्या पुढचा सेट मधल्या बुशाशिवाय घेऊ नये. गिअरबॉक्सवाला सावकाश टग असेल तर गोष्ट वेगळी.

आता वॉशर. सोबत येणारे पातळ पितळी वॉशर शाफ्टवर सैल बसतात आणि लवकर झिजतात. बोट पुढे जाताना प्रोपेलर शाफ्टला पुढे ढकलतो, तो सगळा जोर मागच्या लॉकनट आणि बुश यांच्यामधला वॉशर घेतो. रिव्हर्समध्ये तेच काम आतल्या टोकाचा वॉशर करतो. हे वॉशर झिजले की जोर कपलिंगमार्गे (मोटार आणि शाफ्ट जोडणाऱ्या भागातून) मोटारीच्या बेअरिंगवर जातो. त्यांच्या जागी अर्धा ते एक मिमी जाडीचे पीटीएफईचे (टेफ्लॉनचे) वॉशर घाला आणि लॉकनट असा बसवा की शाफ्ट पुढेमागे ०.२ ते ०.५ मिमी हलेल. अजिबात न हलणारा शाफ्ट गरम झाला की अडकतो.

नवा सेट मागवण्याआधी जुन्या नळीचा नेमका दोष शोधा, कारण नळी न बदलताही काम भागू शकतं. प्रोपेलर धरून शाफ्ट आडवा हलवा. ०.२ मिमीहून जास्त खेळ असेल तर बुश लंबगोल झालाय. मग प्रोपेलर काढून नळीचं बाहेरचं टोक जाड ग्रीस आणि चिकटपट्टीने बंद करा, तेलाची नळी असेल तर तीही बंद करा आणि बोट अर्धा तास टबमध्ये तरंगत ठेवा. तरीही आत पाणी आलं तर ते नळीतून येत नाही, नळी आणि हल यांच्या सांध्यातून येतंय. तसं असेल आणि बुश ठीक असतील तर सांधा खरवडून नवं इपॉक्सी भरलं की पुरे. सांधा सुटण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: गुळगुळीत पितळावर, न घासता लावलेलं इपॉक्सी आणि वाकड्या कपलिंगचे हादरे. मागच्या बुशाजवळ केस किंवा मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळलेली नाही ना, तेही बघा. ती बुशात घुसली की शाफ्टसोबत अख्खा बुश नळीत फिरायला लागतो.

नळी काढताना घाई नको. मोटार आणि कपलिंग काढा, शाफ्ट ओढून घ्या, आणि नळी चेपू नये म्हणून आत जुन्या शाफ्टचा तुकडा किंवा ४ मिमी ड्रिलचा गुळगुळीत भाग ठेवा. मग ८०-१०० वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने आतलं टोक तापवा. पितळ उष्णता झटकन पुढे नेतं आणि इपॉक्सी मऊ पडतं. पक्कडीने आधी फिरवा, फिरली की मगच ओढा. फायबरग्लासच्या हलला हे चालतं. एबीएसचं हल मात्र १०० अंशांच्या आसपास मऊ होऊन नळीभोवती फुगतं, तिथे ओलं फडकं गुंडाळून थोडं थोडं तापवा किंवा सरळ मिनी ग्राइंडरच्या बरने (कोरायच्या छोट्या दातेरी टोकाने) इपॉक्सी कोरून काढा. वेळ लागतो, पण हल वाचतं.

सेटची लांबी जास्त भरली तर कापायची आतल्या टोकाने. नको असलेला तुकडा बुशासकट कापा, तो तुकडा करवतीने उभा चिरा आणि बुश मोकळा करा. टॅप किंवा स्क्रूने बुश ओढायला गेलात तर त्याचं छिद्र खराब होईल. नवीन टोकाची बुर (कापताना उरलेली खरखरीत कडा) आतून साफ करून, शाफ्ट बुशात घालूनच, व्हाइसमध्ये हळू दाबून बसवा. शाफ्टशिवाय दाबला तर छिद्र आवळतं. तेलाची नळी सोल्डर करायची असेल तर ती बुशापासून दूर, आतल्या टोकापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, बुशाभोवती ओलं फडकं ठेवून. वरचं तोंड पाण्याच्या रेषेच्या वर यायला हवं.

बसवण्यातली सगळी अक्कल सरळ रेषेत आहे. युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळू शकणारं कपलिंग) वाकडेपणा सहन करतो म्हणून सरळ रेषेचं काम त्याच्यावर सोपवू नका. एका बाजूला ४ मिमी आणि दुसऱ्या बाजूला मोटारीच्या शाफ्टइतकं छिद्र असलेला, २५-३० मिमी लांबीचा पितळी जोड-तुकडा लेथवर करून घ्या. छिद्रं सैल नकोत, नाहीतर ग्रब स्क्रू (डोकं नसलेला, आत बसणारा स्क्रू) आवळताना शाफ्ट एका बाजूला सरकतो. नळीचा चिकटणारा भाग १२० नंबरच्या पेपरने आडवातिडवा घासून अॅसिटोनने पुसा, पण बुशाच्या टोकांना अॅसिटोन लागू देऊ नका. एबीएस हलचा आतला पृष्ठभागही घासा, अॅसिटोन मात्र त्यावर नको, ते प्लॅस्टिक विरघळवतं. मोटार पक्की करा, कपलिंगच्या जागी हा जोड-तुकडा लावा, नळी हलच्या छिद्रात मोकळी राहू द्या आणि पाच मिनिटांच्या इपॉक्सीचे दोनच ठिपके द्या. शाफ्ट बोटांनी हलका फिरतोय याची खात्री झाली की मग संथ, २४ तासांचं इपॉक्सी. त्यात मायक्रोबलून (पोकळ सूक्ष्म गोळ्यांची भुकटी) किंवा कापलेले काचतंतू इतके मिसळा की काडीवरून ओघळणार नाही. पूर्ण सांधा पाच मिनिटांच्या इपॉक्सीवर करू नका, पाण्यात ते तेवढं टिकत नाही. आतल्या टोकापासून २० मिमीच्या आत ३ मिमी प्लायवुडचा आधार हवाच. लांब लोंबतं टोक थरथरतं आणि पहिली भेग तिथूनच पडते.

दुसऱ्या दिवशी जोड-तुकडा काढून खरं कपलिंग लावा, शाफ्टवर कानशीने छोटा सपाट भाग करून ग्रब स्क्रूला मध्यम ताकदीचा थ्रेडलॉक (आटे ढिले होऊ न देणारा गोंद) द्या. मग अॅमीटर. आधी नुसती मोटार किती करंट घेते ते लिहा, नंतर प्रोपेलरशिवाय शाफ्टसकट मिनिटभर चालवून पुन्हा बघा. वाढ पाव भागापेक्षा जास्त असेल तर मोटारीचे स्क्रू चालू स्थितीत अर्धा फेरा ढिले करा. आकडा खाली आला तर मोटारीची बैठक वाकडी आहे, मोटारीखाली पातळ पत्रा घालून ती सुधारा. नाही आला तर लॉकनट जास्त आवळलाय किंवा ग्रीस फार जाड आहे.

ग्रीसबद्दल मतं खूप आहेत. लहान मोटारीच्या बोटीत जाड लिथियम ग्रीस ठासून भरलं की बॅटरीचा बराच भाग ते ढवळण्यातच जातो. पाण्याने न धुतलं जाणारं मऊ मरीन ग्रीस दोन्ही बुशांजवळ, आणि मधे पातळ तेल, ही विभागणी या सेटला सगळ्यात मानवते. नळीचं आतलं टोक पाण्याच्या रेषेच्या खाली असेल तर ग्रीस नियमित बदलणं भागच आहे.

याच मापात बॉल बेअरिंगचाही प्रकार मिळतो. तो हलका फिरतो, पण मागचं बेअरिंग थेट गढूळ पाण्यात राहतं, वाळूचा एक कण पुरतो. संथ बोटीत त्याचा फायदा जाणवत नाही. आणि ब्रशलेस मोटारीच्या वेगवान बोटीसाठी यातलं काहीच घेऊ नका. तिथे वाकवलेली नळी, आत टेफ्लॉनचं अस्तर आणि लवचिक केबल शाफ्ट लागतो, आणि जोर आला की केबल आखडते म्हणून मागे काही मिलिमीटर जागा सोडावी लागते. ते काम वेगळं.

मागवताना चार मापं व्हर्नियरने घ्या: नळीची लांबी, नळीचा बाहेरचा व्यास, प्रोपेलरकडे बाहेर आलेला शाफ्ट, आणि कपलिंगकडे बाहेर आलेला शाफ्ट. यादीत छापलेली लांबी काही ठिकाणी नळीची असते, काही ठिकाणी पूर्ण शाफ्टची. ते विचारूनच ऑर्डर द्या.